त्रिरश्मी लेण्यांतला पावसाचा मुक्काम

ऑक्टोबर २०२२ मधली ही हकीकत. आमच्या वस्तीतल्या विहाराची सहल नाशिकला गेली होती. सकाळी निघून रात्री परत यायचे, असा एका दिवसाचा बेत होता. प्रत्यक्षात आम्ही घरी पोहोचलो ते दुसऱ्या दिवशी. मधल्या त्या दुपारी आणि रात्री मला जे शिकायला मिळाले, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची वस्ती कल्याणची. घरे कष्टकऱ्यांची. कोणी कंपनीत कंत्राटी कामगार, कोणी रिक्षा चालवतो, कोणी सफाई कामगार. बऱ्याच भगिनी धुणीभांडी आणि स्वयंपाकाची कामे करतात. वर्षावास संपला की वर्षातून एक सहल काढायची, आणि ती शक्यतो लेण्यांची, असा आमचा परिपाठ आहे. मी एका कार्यालयात कारकून. बी. कॉम. झालेला माणूस म्हणून हिशोबाची वही आपोआप माझ्याकडे येते. त्या वर्षी एकूण ३४ जण झाले, २४ मोठे आणि १० मुले. मोठ्यांना ५०० आणि मुलांना २५० रुपये वर्गणी. जमा १४,५०० रुपये. बसचे भाडे १३,००० आणि तिकिटे, चहापाणी मिळून १,३००. शिल्लक २०० रुपये. हा २०० चा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा.

पहाटे साडेपाचला विहारासमोरून ‘भगवान बुद्धांचा विजय असो, बाबासाहेबांचा विजय असो’ अशा घोषात बस निघाली. पडघ्याजवळ महामार्गाला लागलो. शहापूर मागे पडले, कसारा घाट चढून वर आलो तेव्हा चांगले उजाडले होते. इगतपुरीच्या बाजूची भातखाचरे पिवळी पडू लागली होती. आभाळ धुतल्यासारखे निळे. घोटीला चहा घेतला. मुलांनी बसमध्ये गाणी म्हणायला सुरुवात केली. अशा सकाळी कोणाला पाऊस आठवेल?

मुंबईकडून जाताना नाशिक शहर लागण्याआधी महामार्गालगत एक शंकूसारखा डोंगर दिसतो. त्याच्या पोटाशी एका ओळीत २४ लेणी कोरलेली आहेत. पायथ्याशी बुद्धस्मारक आणि चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. लोक या जागेला सर्रास पांडवलेणी म्हणतात. परंतु तिथल्या कोरीव लेखांत पांडवांचा मागमूस नाही. लेखांत या डोंगराचे नाव ‘तिरण्हु’ असे आले आहे. तेच त्रिरश्मी. मुलांना आम्ही हे नाव आधीच पाठ करायला लावले होते.

पायऱ्या चढताना आमच्याबरोबरच्या वृद्ध आजी दोनदा बसल्या. जालना जिल्ह्यातून चाळीस वर्षांपूर्वी कल्याणला आलेल्या, वय पंचाहत्तरीच्या पुढे. पण “वर जाऊनच पाणी पिईन” म्हणाल्या आणि तसेच केले. अठराव्या क्रमांकाच्या चैत्यगृहात स्तूपासमोर आम्ही त्रिसरण, पंचशील घेतले. दगडाच्या त्या कमानीखाली चौतीस गळ्यांचा आवाज घुमला तेव्हा अंगावर शहारे आले. तिसऱ्या लेण्यात सातवाहनांच्या राजमाता गौतमी बलश्री हिचा लेख पाहिला. मग दहाव्या लेण्यात आलो आणि माझे पाय तिथेच थबकले.

दहावे लेणे म्हणजे क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी दान दिलेला विहार. समोर खांबांची ओसरी, आत मोठे सभागृह, आणि त्याच्या तिन्ही बाजूंना भिक्खूंच्या खोल्या. ओसरीच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत लेख आहेत. त्यांच्या मराठी अर्थाची झेरॉक्स मी बरोबर नेली होती. एका लेखात असे नोंदले आहे की उषवदाताने ३,००० कार्षापण ‘अक्षयनिवी’ म्हणून दिले. अक्षयनिवी म्हणजे ज्याचे मुद्दल कधी खर्चायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, असे कायमचे दान. त्यातले २,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले, आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. दुसरे व्याज इतर खर्चासाठी.

कारकुनाची खोड जात नाही. मी तिथेच मुलांना गणित घातले. दोन हजारांचे शेकडा एकप्रमाणे महिन्याचे व्याज किती? वीस. वर्षाचे? दोनशे चाळीस. वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा म्हणजे? दोनशे चाळीस! जमा आणि खर्च तंतोतंत. आठवीतली एक मुलगी म्हणाली, “काका, एक पैसासुद्धा इकडे तिकडे नाही.” शिवाय हा सारा व्यवहार निगमसभेत जाहीर केला आणि दप्तरी नोंदवला असेही लेखात म्हटले आहे. मी इतका रंगलो की घड्याळाकडे लक्षच राहिले नाही. एक वाजता खाली उतरून जेवायचे आणि मग गोदाकाठी जाऊन, १९३० साली ज्याच्या दारी सत्याग्रह सुरू झाला ते काळाराम मंदिर मुलांना दाखवायचे, असे ठरले होते. सव्वा वाजला तरी आम्ही वरच होतो. मुले भुकेली झाली म्हणून आमच्यातले दोन तरुण डबे आणायला खाली बसकडे गेले.

एवढ्यात उजेड बदलला. पश्चिमेकडून काळे ढग असे चढून आले की बघता बघता ऊन गेले. वारा एकदम थंड झाला. दूर गडगडाट झाला आणि पाच मिनिटांत टपोरे थेंब पडू लागले. लगेच वीज चमकली, आणि तिच्या पाठोपाठ असा कडकडाट झाला की लहान मुलांनी आयांना मिठ्या मारल्या.

एक गोष्ट इथे कबूल केली पाहिजे. ती आदल्या रात्रीची आहे. झोपण्यापूर्वी मी मोबाइलवर हवामान खात्याचा अंदाज पाहिला होता. नाशिक जिल्ह्याला पिवळा इशारा होता. मेघगर्जनेसह पावसाचा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे तातडीने कृती करा, हे मला ठाऊक होते. तरी मी कोणाला सांगितले नाही. बसचे ५,००० रुपये आगाऊ दिलेले होते आणि वहीत शिल्लक २०० रुपये. सांगितले तर चार घरे येणार नाहीत, त्यांची वर्गणी परत द्यावी लागेल, मग भाडे कुठून भरायचे? असा विचार करून मी मोबाइल उशाखाली ठेवला. पिवळ्या इशाऱ्याने सहल रद्द करायलाच हवी होती असे नाही. परतीच्या पावसात वीज बहुधा दुपारनंतर येते. ‘बारा वाजेपर्यंत डोंगर उतरायचा, जेवण बरोबर घ्यायचे’ एवढे जरी मी सर्वांना सांगितले असते तरी पुढचा प्रसंग टळला असता. मी माणसांचा हिशोब न करता पैशांचा केला.

कडकडाट झाला आणि सगळे एकदम बोलू लागले. “खाली पळा, बस जवळच आहे.” “नको, भिजू.” “अहो भिजायचं काय घेऊन बसलात, पोरं घाबरलीत.” माझ्याही मनात आले की एकदम उतरावे आणि मोकळे व्हावे. पाऊल उचललेही होते. तेवढ्यात पुरातत्त्व खात्याचा राखणदार धावत आला आणि ओरडला, “कोणी खाली जायचं नाही. आत व्हा. ओसरीत उभं राहू नका, भिंतीला टेकू नका.” आम्ही सगळे दहाव्या लेण्याच्या सभागृहात गेलो.

मी माणसे मोजली. बत्तीस. पुन्हा मोजली. बत्तीसच. दोन कमी. डबे आणायला गेलेले ते दोघे. त्यांतल्या एकाचे वडील, आमचे रिक्षाचालक बांधव, दाराकडे निघाले. “माझं पोरगं खाली आहे, मला जाऊ द्या.” मी त्यांचा दंड धरला. मोबाइल लावला तर लागेना. पुन्हा लावला. नाही. बाहेर पायऱ्यांवरून गढूळ पाणी ओढ्यासारखे धावत होते आणि पायऱ्यांच्या कडेच्या लोखंडी कठड्यावरून पाण्याच्या धारा गळत होत्या. बापाच्या जिवाला कोण काय समजावणार? ते माझा हात झटकत होते.

तेव्हा मागून आजींचा आवाज आला. त्या खाली मांडी घालून बसल्या होत्या. म्हणाल्या, “माझा भाऊ असाच पळाला होता बाबा. शेळ्या राखायला गेल्ता. पाऊस आला तसा बाभळीखाली जाऊन उभा राहिला. दोन शेळ्या अन् तो, तिघंबी गेले. तू पळून पोराला काय वाचवशील? त्याला एक बाप तर राहू दे. बस इथं.” आजींनी ही गोष्ट इतक्या वर्षांत आम्हांला कधी सांगितली नव्हती. रिक्षाचालक बांधव खाली बसले. त्यांच्या डोळ्यांना धार लागली. कोणी काही बोलले नाही.

दहा मिनिटांनी, मला तरी ती तासाएवढी वाटली, बसच्या चालकाचा फोन लागला. दोन्ही मुले बसमध्येच होती. पावसाचे पहिले थेंब पडले तेव्हा ती डबे घेऊन वर यायला निघाली होती. चालकाने त्यांना ओढून आत घेतले आणि काचा लावल्या. बंद काचांची, पत्र्याच्या अंगाची गाडी विजेत सुरक्षित असते, हे त्या कमी शिकलेल्या माणसाला पक्के ठाऊक होते.

आता प्रश्न होता तो वेळ काढण्याचा. मुले प्रत्येक कडकडाटाला दचकत होती. आठवीतल्या त्याच मुलीला मी म्हणालो, “आता दुसरे गणित. वीज दिसली की एक, दोन, तीन असे सेकंद मोज. आवाज आला की थांब. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर.” पहिल्यांदा तिने तीनपर्यंत मोजले, म्हणजे वीज किलोमीटरभरावर. मग दोन. मग एकदम सहा. मग नऊ. सगळी मुले तिच्याबरोबर मोठ्याने मोजू लागली. भीती होती तिथेच होती, पण तिला मोजायचे काम मिळाले. मोठ्या माणसांचेही चेहरे सैल झाले. एका मावशीच्या पिशवीत चिवडा होता. तो बत्तीस जणांत आणि राखणदारात मुठीमुठीने वाटला गेला.

मग मुलांनी विचारले, भिक्खू इथे पावसाळाभर का बसत? मी त्यांना विनयपिटकातली हकीकत सांगितली. सुरुवातीला भिक्खू पावसाळ्यातही चारिका करीत. लोक नावे ठेवू लागले की हे हिरवे गवत तुडवतात, बारीक जीव पायाखाली मरतात; इतर पंथांचे साधूसुद्धा पावसात एका जागी राहतात, पाखरेही घरटे बांधून बसतात. हे भगवान बुद्धांच्या कानी आले तेव्हा त्यांनी वर्षावासाचा नियम घालून दिला. तीन महिने एका जागी मुक्काम. जो संघ ‘चरथ भिक्खवे’ म्हणून गावोगाव फिरला, त्यालाही पावसाने थांबायला लावले. आणि लोकांनी टीका केली तेव्हा भगवंतांनी ती कमीपणाची मानली नाही, नियम बदलला. मुलगी म्हणाली, “म्हणजे काका, आज आपला अर्ध्या दिवसाचा वर्षावास.” सगळे हसले.

सव्वाचारला शेवटचा गडगडाट ऐकू आला. पाऊस थांबल्याबरोबर लोक उठले, पण राखणदाराने पुन्हा बसवले. शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास जाऊ द्यायचा, असा नियम आहे. पावणेपाचला एकेकाचा हात धरून, कठड्याला हात न लावता आम्ही उतरलो. अर्ध्या वाटेवर झाडाची एक जाड फांदी पायऱ्यांवर आडवी पडली होती. ती ओलांडताना रिक्षाचालक बांधवांनी माझ्याकडे पाहिले. बोलले काही नाही. खाली मुलाला पाहताच त्यांनी आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्याला जवळ घेतले.

वाचकांना वाटेल की हकीकत इथे संपली. खरी परीक्षा यापुढे होती. कोणाच्या तरी मोबाइलवर निरोप आला, ‘कसारा घाटात दरड कोसळली, वाहतूक बंद’. सोबत छायाचित्र. एकच गलका झाला. आमच्या चालकाने शांतपणे दुसऱ्या एका चालकाला फोन केला. तो तासापूर्वीच घाट चढून आला होता. दरड नव्हती, छायाचित्र कुठले तरी जुने होते. पण घाटात पाऊस आणि धुके मात्र खरे होते आणि वाहने मुंगीच्या गतीने सरकत होती. चालक म्हणाला, “मी पहाटे चारला उठलोय. अंधारात, धुक्यात ही पोरंबाळं घेऊन घाट उतरायला माझं मन होत नाही. पुढे तुम्ही सांगाल तसं.”

मी ताबडतोब म्हणालो, “मुक्काम करू. घाई कसली?” तेव्हा एक मावशी पुढे आली. ती चार घरची धुणीभांडी करते. म्हणाली, “भाऊ, तुम्हांला घाई नाही. माझा उद्या खाडा झाला तर बाई दुसरी ठेवेल.” कंपनीतला कंत्राटी कामगार म्हणाला, “माझी पहिली पाळी आहे. दिवस बुडाला तर रोजही जाईल आणि हजेरीचा बोनसही.” मी गप्प झालो. माझ्या हातात किरकोळ रजा होती. एक अर्ज लिहिला की काम भागणार होते. म्हणून मला शांत राहणे सोपे होते. त्यांच्या हातात काय होते? त्यांची घाई हा त्यांचा उतावीळ स्वभाव नव्हता, ती त्यांची गरज होती. शांत राहा, धीर धरा, असे सांगणाऱ्याने आधी स्वतःच्या खिशाकडे पाहावे, हे मला त्या क्षणी कळले.

मी सर्वांसमोर म्हणालो, “ज्यांचा रोज बुडेल त्यांचा रोज विहार समिती भरून देईल. हा माझा शब्द.” पैसे कुठून येणार हे मला ठाऊक नव्हते. आणि आदल्या रात्री पिवळा इशारा पाहून मी गप्प बसलो होतो, हेही तिथेच सांगून टाकले. कोणी रागावले, कोणी मान हलवली. आजी म्हणाल्या, “सांगितलंस ते बरं केलंस. आता जेवायचं बघ.”

आमच्या संघटनेतले एक कार्यकर्ते नाशिकरोडला राहतात. त्यांना फोन केला. तासाभरात त्यांनी आपल्या वस्तीतल्या विहाराचे दार आमच्यासाठी उघडून ठेवले. तिथल्या भगिनींनी मोठे पातेले चढवले. वीज गेलेली, मेणबत्त्यांच्या उजेडात गरम खिचडी आणि आमच्या डब्यांतल्या दुपारच्या चपात्या, अशी पंगत झाली. चटया, सतरंज्या अंथरून बायका-मुले आत आणि पुरुष ओसरीत झोपले. ज्यांची आमची ओळखदेख नव्हती त्या लोकांनी आपल्या घरच्या चादरी आणून दिल्या. सकाळी सहाला निघालो. घाटात एका वळणावर रात्री घसरून आलेली माती बाजूला करण्याचे काम चालले होते. रात्री निघालो असतो तर काय झाले असते? कदाचित काहीच झाले नसते. पण ‘कदाचित’वर चौतीस माणसे बसवायची नसतात.

परतल्यावर हिशोब मांडला. चालकाचा मुक्काम १,५०० रुपये, नाशिकरोडच्या विहाराला धान्याबद्दल १,००० आणि पाच जणांचे बुडालेले रोज मिळून २,६००. एकूण ५,१००. हातात शिल्लक २०० वजा जाता तूट ४,९०० ची. आम्ही सात पगारदारांनी प्रत्येकी ७०० रुपये भरून ती मिटवली. मावशीला तिच्या बाईने बोलून घेतले, पण काम टिकले. कंत्राटी बांधवाचा बोनस मात्र गेला तो गेलाच. तो आम्ही भरू शकलो नाही.

त्या रात्री ओसरीत पडल्या पडल्या मला उषवदाताच्या लेखातले २४० कार्षापण आठवत होते. वीस भिक्खू पावसाळाभर शांत बसू शकले, ध्यान करू शकले, ते कशाच्या बळावर? त्यांच्या साधनेच्या बळावर, हे खरेच. पण त्यांच्या चिवराची तरतूद कोणीतरी आधीच करून ठेवली होती, व्याजाचा दर ठरवला होता, दप्तरी नोंद केली होती. मनाच्या शांतीखाली जमाखर्चाचा दगडी पाया होता. आपण मात्र २०० रुपयांच्या शिल्लकीवर सहल काढतो, आणि संकट आले की गरिबाला म्हणतो, घाबरू नको!

तेव्हापासून आमच्या विहारात ‘पावसाळी निधी’ सुरू झाला. ४० घरे, दर घरामागे महिन्याला २० रुपये, म्हणजे महिन्याला ८०० आणि वर्षाला ९,६००. दोघांच्या सहीचे खाते, आणि दर पौर्णिमेला फळ्यावर हिशोब. या निधीला हात लावायचा तो तीनच कारणांसाठी: सहल थांबवावी लागली तर, मुक्काम पडला तर, आणि त्यापायी कोणाचा रोज बुडाला तर.

त्याचा उपयोग जुलै २०२४ मध्ये झाला. तरुण मंडळींच्या आग्रहावरून भाजे लेण्यांची सहल ठरली होती. त्याआधी ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात, अचानक वाढलेल्या पाण्याने एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली होती. त्यांत लहान मुले होती. पाण्यात एकमेकांना धरून उभी असलेली ती माणसे सर्वांनी पाहिली. आमच्या सहलीच्या आदल्या दिवशी घाटमाथ्याला नारिंगी इशारा आला. या वेळी मी तो फळ्यावर लिहिला. समिती बसली, सहल रद्द केली. बसवाल्याकडे अडकलेले ४,००० रुपये निधीतून भरले, वर्गणी सर्वांना परत मिळाली. दुसऱ्या दिवशी कल्याणला लख्ख ऊन पडले! चार जण माझ्याकडे बघून हसले. मी म्हटले, हसा. तुम्ही हसायला घरी आहात, यापरते काय हवे?

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या विहारांच्या, महिला मंडळांच्या सहली निघतच राहणार, आणि निघाल्याच पाहिजेत. म्हणून अनुभवाच्या चार गोष्टी. निघण्याआधी दोन दिवस हवामान खात्याचा इशारा पाहा आणि तो सर्वांना सांगा, लपवू नका. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ नावाचे ॲप मोबाइलवर फुकट मिळते, ते घ्या. डोंगरावरचा कार्यक्रम दुपारपूर्वी संपवा. जेवण आणि पाणी माणसांबरोबर ठेवा, गाडीत नको. बसमधून उतरताना, चढताना आणि आभाळ भरून येताच माणसे मोजा. गडगडाट ऐकू आला की उघड्यावरून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. झाडाखाली उभे राहू नका, लोखंडी कठडा आणि वाहते पाणी यांपासून दूर राहा. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला हात लावायला भिऊ नका. श्वास बंद असेल तर लगेच छाती दाबायला लागा आणि १०८ ला फोन करा. इतर मदतीसाठी ११२. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशभरात वीज पडून २,८८७ माणसे दगावली. आजींच्या भावासारखी कितीतरी माणसे रानात, शेतात, उघड्यावर राबताना विजेला बळी पडतात.

आणि सर्वांत आधी, निधी उभा करा. महिन्याला वीस रुपये काही फार नाहीत. आपल्यातल्या सर्वांत गरीब भगिनीलाही “मुक्काम करू” हे शब्द ऐकून धडकी भरू नये, एवढी सोय ज्या दिवशी आपण करू, त्या दिवशी पाऊस पडो की वीज कडाडो, आपली माणसे शांत बसू शकतील.

काळाराम मंदिर त्या खेपेला राहूनच गेले. आजी अधूनमधून विचारतात, “नाशिकला परत कधी जायचं?” त्यांना मी सांगितले आहे, डिसेंबरात जाऊ. आभाळ पाहून.

जयभीम.